द्राक्षमळ्यांतली निवांत वाट

श्रोतेहो, सायकल आपणांपैकी कुणालाच परकी नाही. दुधाचे कॅन वाहणारी, पोस्टमनची पिशवी सांभाळणारी, गुरुजींना वाडीवरच्या शाळेत नेऊन सोडणारी आणि वेळप्रसंगी तिघा पोरांना अंगाखांद्यावर घेणारी ही गरीब गाय आपल्या गावांत अनेक वर्षे नांदली आहे. आज मी तुम्हांला तिच्यावर बसवून जरा दूरच्या मुलखात नेणार आहे. तेथेही शेतकरीच राहतात, तेही द्राक्षे पिकवतात, आणि त्यांच्या मळ्यांमधून जाणाऱ्या एका साध्या वाटेवर सायकल चालवायला लोक देशोदेशींहून येतात. ती वाट निवांत कशी राहिली, ती तशी राहावी म्हणून कुणी काय केले, एवढीच आजची गोष्ट. ती आपल्या शिवारापर्यंत कशी येऊन पोचते, तेही शेवटी पाहू.

हा मुलूख म्हणजे फ्रान्स देशातील बर्गंडी प्रांत. पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे तीनशे किलोमीटरवर बोन नावाचे जुने तटबंदीचे गाव आहे. गोरगरिबांसाठी १४४३ साली स्थापन झालेले एक रुग्णालय या गावात आहे. लोकांनी त्याला दान म्हणून द्राक्षमळे दिले, आणि त्या मळ्यांच्या द्राक्षांची वाईन लिलावाने विकून पैसा धर्मादाय कामाला लावण्याची चाल तेथे १८५९ सालापासून आहे. गावाच्या पश्चिमेला एक बुटकी डोंगरधार उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. डोंगर म्हणावा तर तो आपल्या सह्याद्रीपुढे अगदीच पोर. पण त्याचा पूर्वेकडचा उतार सकाळचे ऊन अंगावर घेत बसलेला असतो, आणि त्या उतारावर एक वीतभरही जागा न सोडता द्राक्षवेली लावलेल्या आहेत.

बोनपासून दक्षिणेला सांतने गावापर्यंत या वेलींमधून सुमारे २२ किलोमीटरची सायकलवाट जाते. तिचे फ्रेंच नावच मुळी 'द्राक्षवेलींची वाट' अशा अर्थाचे आहे. चला तर, बसा सायकलवर. घाई नको. २२ किलोमीटर म्हणजे तरण्या माणसाला दीड-दोन तासांचे काम. पण आपण दिवस काढायचा आहे.

बोन सोडले की तीन-चार किलोमीटरवर पोमार लागते, मग व्होलने, मग मर्सो, त्यापुढे प्युलिन्यी आणि शासान्यी, आणि शेवटी सांतने. ही गावे इतकी जवळजवळ आहेत की एका गावच्या देवळाचा कळस मागे दिसेनासा होण्याआधीच पुढच्या गावचा दिसू लागतो. मर्सोच्या चर्चचा दगडी सुळका तर कितीतरी दुरून वाट दाखवतो. वाट अरुंद आहे, एका ट्रॅक्टरपुरती. कोठे डांबर, कोठे सिमेंट, कोठे नुसती खडी. दोहो बाजूंना वेली. पण आपल्याकडच्यासारखा मांडव येथे नाही. आपल्या मांडवाखाली माणूस उभा राहून काम करतो. येथे वेल जेमतेम कमरे-छातीइतकी ठेवतात. ओळी दाट, मीटर-मीटर अंतरावर. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरी साडेनऊशेच्या घरात वेली बसतात. तेथे एकरी चार हजार! त्यामुळे सायकलवर बसलेल्या माणसाला वेलींच्या वरून दूरवर नजर टाकता येते. हिरव्या चटईवर कुणी कंगवा फिरवावा, तशा त्या ओळी दिसतात.

आणि आवाज? सायकलच्या साखळीचा, पाखरांचा, आणि मधूनच कुठे छाटणीच्या कात्रीचा. बस्स. आता गंमत अशी की याच उतारापासून थोड्या अंतरावर, खाली सपाटीला, दिजों शहराहून दक्षिणेकडे जाणारा जुना हमरस्ता आहे. पॅरिसहून दक्षिणेला धावणारा द्रुतगती महामार्गही बोनजवळूनच जातो. मालमोटारी, मोटारी, बसगाड्या सारे तेथे धो धो वाहत असते. तो गोंगाट आपल्या वाटेवर चढून येत नाही. का येत नाही? ही वाट तिकडच्या शेतकऱ्यांची शेतावर जाण्याची वाट आहे, म्हणून. आपण जिला पाणंद म्हणतो, गाडीवाट म्हणतो, तीच ही. सायकलवाल्यांसाठी कुणी नवा रस्ता बांधला असे झालेले नाही. बहुतेक सारी वाट आधीच होती. तिच्यावर दिशा दाखवणाऱ्या पाट्या लावल्या, कोठे खड्डे बुजवले, कोठे दोन वाटा जोडल्या, आणि गावोगावच्या लोकांनी पाहुण्यांना तिच्यावरून जाऊ दिले.

पण शेतकरी बंधूंनो, तुम्ही विचाराल की एवढ्याशा उतारावर एवढ्या वाटांचे जाळे आलेच कोठून? याचे उत्तर ऐकून तुम्हांला आपलीच वाडी आठवेल. ते उत्तर आहे, जमिनीचे तुकडे.

मध्ययुगात येथले पुष्कळ मळे मठांच्या मालकीचे होते. बोनच्या उत्तरेला व्हूजो येथे सिस्टर्सियन पंथाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून एक मळा उभा केला आणि त्याला दगडी कोट घातला. सुमारे ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकरांचा हा एकच मळा. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, मठांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि विकल्या गेल्या. पुढे १८०४ च्या दिवाणी कायद्याने बापाच्या जमिनीत सर्व मुलांना हक्क दिला. झाले! पिढीगणिक वाटण्या होत गेल्या. आज त्या एकाच कोटाच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाच्या चार ओळी, कुणाच्या दहा. प्युलिन्यी आणि शासान्यी या दोन गावांच्या सीमेवर मोंराशे नावाचा जगप्रसिद्ध मळा आहे, तो सगळा मिळून जेमतेम आठ हेक्टर, वीस एकर. आणि त्यातही अनेक भागीदार. बोन आणि दिजोंच्या परिसरातील अशा नाव असलेल्या, हद्दी ठरलेल्या १,२४७ तुकड्यांना युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले आहे.

आपल्याकडे जमिनीच्या तुकड्यांना शाप मानून १९४७ साली मुंबई राज्यात तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा करावा लागला. बर्गंडीच्या शेतकऱ्याला तुकड्यांचा त्रास नाही असे मुळीच नाही. एकाच्या सात ठिकाणी सात पट्ट्या असल्या तर ट्रॅक्टर दिवसभर इकडून तिकडे पळतो. पण एक गोष्ट त्यांनी नेमाने सांभाळली. प्रत्येक तुकड्याला वाट! वाट नसेल तर तुकड्याला किंमत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. बांध कोरून कुणी वाट गिळली नाही, की वाटेवर कुणी उकिरडा टाकला नाही. म्हणून शेकडो वर्षांच्या भाऊबंदकीतून जे वाटांचे जाळे विणले गेले, तेच आज सायकलवाल्याच्या चाकांखाली येते. भाऊबंदकीने दुसऱ्या कुणाचे एवढे भले केल्याचे निदान मला तरी ठाऊक नाही!

अशा वाटेवर पहिला मान कुणाचा? कामाचा. सायकलवाला पाहुणा आहे. समोरून ट्रॅक्टर आला की सायकल बाजूला घ्यायची, पाय टेकायचा, मान हलवून नमस्कार करायचा. तिकडचा ट्रॅक्टरही पाहण्यासारखा असतो, बरं का. ओळीत एवढी दाटी असल्यामुळे तो दोन ओळींमध्ये मावत नाही. म्हणून उंच टांगांचा यंत्र-बगळा करून तो वेलींच्या वरूनच चालवतात. एक चाक वेलीच्या या अंगाला, दुसरे त्या अंगाला, आणि हाकणारा वर माळ्यावर बसल्यासारखा. काही मळ्यांत जमीन दबू नये म्हणून पुन्हा घोडा जुंपतात. घोडा दिसला की घंटीही वाजवायची नाही. फवारणी चालू असेल तर थांबायचे, वाऱ्याची दिशा पाहायची. घड तोडून तोंडात टाकायचा नाही, कारण त्या एका ओळीवर कुणाचे तरी वर्ष अवलंबून असते. या नियमांच्या पाट्या पावलोपावली नाहीत. नियम मात्र आहेत.

मोटारीतून जाणाऱ्याला मळा म्हणजे काचेबाहेर पळणारा हिरवा पट्टा. पायी जाणाऱ्याला एका दिवसात एकच गाव पुरते. सायकलवाला मधला. त्याला मुलूखही दिसतो आणि थांबता येत असल्यामुळे शेतीही दिसते. काय काय दिसते, ते सांगतो.

पहिली गोष्ट, वेलीच्या बुंध्याशी वाका. जमिनीच्या जरा वर एक गाठ दिसेल. ते कलम. १८६० नंतरच्या काळात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची मावेसारखी कीड फ्रान्सात आली. ती मुळांवर जगते. माँपेलिए येथील प्राध्यापक प्लांशाँ यांनी १८६८ साली तिला ओळखले, पण तोवर मळेच्या मळे वाळू लागले होते. १८७८ साली ती मर्सोच्या शिवारातही सापडली. शेवटी उपाय निघाला तो असा की खाली या किडीला दाद न देणारा अमेरिकन खुंट आणि वर आपल्या फ्रेंच वेलीचे कलम. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या बागाइतदारांना हे सांगायला नकोच. आपणही 'डॉगरिज' नावाच्या अमेरिकन खुंटावर कलम करतो. आपले कारण निराळे, पाण्याची टंचाई आणि खारी जमीन. पण गाठ तीच. दोन खंडांतल्या शेतकऱ्यांची ओळख पटवायला ती पुरे.

दुसरी गोष्ट, माती. वाटेच्या कडेला चुन्यामातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती आणि दगडांचे ढीग दिसतात. नांगरताना निघालेला प्रत्येक दगड कुणीतरी उचलून येथे आणून टाकला आहे. उतार असल्यामुळे मोठ्या पावसात माती खाली वाहून जाते. पूर्वी शेतकरी ती वाहिलेली माती पाठीवरच्या टोपलीत भरून पुन्हा वर नेऊन पसरत. डोंगरउतारावर शेती करणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी गोष्ट, थंडी. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. तेथे एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. छाटलेल्या काड्या जाळायला एक लोखंडी हातगाडा घेऊन शेतकरी ओळीतून फिरतो. त्या निळसर धुराच्या रेघा पाहत जानेवारीत सायकल चालवण्यात निराळीच मजा आहे. कोवळी पालवी एप्रिलात फुटते, आणि नेमके तेव्हाच कधी कधी हिम पडते. २०१६ च्या आणि २०२१ च्या एप्रिलात असाच घात झाला. मग शेतकरी रात्रभर जागून ओळींत मोठाल्या मेणबत्त्यांचे डबे पेटवतात, ओला पेंढा जाळून धुराचे पांघरूण करतात. आपल्या निफाड तालुक्यात पारा उतरला की बागाइतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक चालू करतात. दोघांची रात्र सारखीच लांब!

आता शिक्षक बंधु-भगिनींनी लक्ष द्यावे अशी एक गोष्ट. बोन गावात द्राक्षकाढणी कधी सुरू झाली, याच्या नोंदी १३५४ सालापासून जुळवता आल्या आहेत. साडेसहाशेहून अधिक वर्षांच्या तारखा! संशोधकांनी २०१९ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्यांवरून असे दिसले की १९८७ पर्यंत काढणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई, आणि १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली. २००३ आणि २०२० साली तर ऑगस्टमध्येच काढणी सुरू झाली. हवामान बदलते आहे हे सांगायला कुणी मोठे यंत्र आणले नव्हते. गावाच्या दप्तरातल्या तारखांनी ते सांगितले. सायकलवाल्यालाही याचा हिशेब ठेवावा लागतो. काढणीच्या दिवसांत ती निवांत वाट गजबजून जाते. घड खुडणाऱ्या टोळ्या, गाड्या, पाट्या, हाका. त्या पंधरवड्यात सुज्ञ पाहुणा वाट सोडून देतो, किंवा भल्या पहाटे निघून काम सुरू होण्याआधी घरी येतो. तो पंधरवडा आता सप्टेंबरअखेरीस येत नाही, एवढे त्याने जाणावे.

असे करीत आपण सांतनेला पोचलो. येथून थोडे पुढे गेले की एक कालवा लागतो, अठराव्या शतकाच्या अखेरीस खोदलेला. कालव्यातून मालाच्या नावा जात, आणि त्या ओढायला काठाने घोडे चालत. घोडे गेले, त्यांची वाट राहिली. आज तीही सायकलवाट आहे. अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा लांबच लांब सायकलमार्ग या भागात त्याच काठाने जातो.

आणखी दक्षिणेला जिव्री नावाचे द्राक्षांचे गाव आहे. तेथून क्लूनी या मठाच्या गावापर्यंत पूर्वी आगगाडी धावत असे. गाडी बंद झाली, रूळ उखडले. त्या ४४ किलोमीटरांच्या रिकाम्या पट्टीवर १९९७ साली पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाट खुली करण्यात आली. अशा प्रकारची ती फ्रान्समधली पहिली. आगगाडीची वाट म्हणजे चढ अगदी सौम्य. लहान मुले, म्हातारी माणसे, चाकांच्या खुर्चीवरची माणसे, सारी तिच्यावरून जातात. ही वाट क्लूनीच्या पुढे वाढवली, तेव्हा रेल्वेचा सोळाशे मीटर लांबीचा एक बोगदाही तिच्यात आला. पण हिवाळ्यात तो बोगदा बंद असतो. कारण ऐकून हसू नका. त्या दिवसांत तेथे वटवाघळे झोपतात! त्यांची झोप मोडू नये म्हणून माणसे खिंडीवरून वळसा घालून जातात.

शेतकऱ्याची गाडीवाट, नावेच्या घोड्यांची वाट, आगगाडीची वाट. तिन्ही वाटा कामासाठी जन्मल्या. काम कमी झाले किंवा बदलले, तरी लोकांनी त्या मोडू दिल्या नाहीत. निवांतपणा हा अशा जपणुकीतून येतो.

तुम्ही म्हणाल, हे सारे पैसेवाल्या हौशी लोकांचे चोचले. तसे नाही. १९३६ साली लेओं ब्लूम यांच्या सरकारने फ्रान्समधल्या कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. कारखान्यात आयुष्य काढलेल्या कितीतरी माणसांनी तेव्हा पहिल्यांदा आपल्या देशाचा ग्रामीण भाग पाहिला, आणि तो पाहिला सायकलवरून. नवरा पुढे, बायको मागे, अशा दोन माणसांच्या सायकली त्या उन्हाळ्यात रस्त्यारस्त्यांवर होत्या. त्याआधी सायकलचा गाजावाजा होता तो शर्यतींमुळे. फ्रान्सची मोठी शर्यत १९०३ साली सुरू झाली, तिचा पहिलाच टप्पा पॅरिस ते लिओं असा ४६७ किलोमीटरांचा होता. त्या शर्यतीत १९३७ सालापर्यंत नामांकित स्पर्धकांना गिअर बदलण्याची सोय वापरायला मनाई होती. घाम गळाला पाहिजे असा चालकांचा आग्रह! याच्या उलट सेंत-एतियेन गावचे पॉल द व्हिव्ही, १८५३ ते १९३० हा त्यांचा काळ, आयुष्यभर सांगत राहिले की चढावर गिअर बदलण्यात कमीपणा नाही, सायकल ही साध्या माणसाने मुलूख पाहण्यासाठी आहे. आज द्राक्षवेलींच्या वाटेवर जी माणसे दिसतात, ती या गृहस्थांच्या पंथाची.

आणि हो, एक शंका तुमच्या मनात असेलच. वाईनच्या मुलखात सायकल म्हणजे झोकांड्या खाणे आलेच की! तिकडे कायदा कडक आहे. रक्तात एका लिटरला अर्धा ग्रॅम मद्यार्क, ही मोटार हाकणाऱ्याला जी मर्यादा, तीच सायकलवाल्याला. तेथले जाणकार दिवसात वीस-वीस वाइनी चाखतात आणि चूळ भरून टाकून देतात, गिळत नाहीत. बाकी ज्याला वाईनला स्पर्श करायचा नाही, त्याला ही वाट काही कमी देत नाही. द्राक्षाची शेती समजायला द्राक्षासव प्यावे लागत नाही.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. नाशिकच्या परिसरात, दिंडोरी-निफाडकडे, द्राक्षबागा जुन्याच. वाईनचे कारखाने मात्र १९९९-२००० नंतर वाढले. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले आणि 'नाशिक व्हॅली वाईन'ला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शनिवारी-रविवारी शहरांतल्या मोटारी तिकडे वळतात. त्याच रस्त्यांवरून गावची मुले सायकलने शाळेला जातात. प्रश्न आहे तो येथे. बागेकडे जाणारी वाट कुणाची? भरधाव येणाऱ्या पाहुण्याची, की सायकलवरच्या आठवीतल्या मुलीची?

मुलीचे नाव मी उगाच घेतले नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना काढली. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने वाढल्याचे दिसले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली दिल्या गेल्या आहेत. सायकल मिळाली, हे उत्तम. पण आईबापांना मालमोटारींच्या रस्त्यावर मुलीला धाडायची छाती होत नसेल, तर ती सायकल पडवीत गंजणार. सायकलीबरोबर वाटही द्यावी लागते.

आणि वाट आपल्याजवळ असते! गावोगावी जुन्या पाणंदी आहेत. काही बाभळींनी बुजल्या, काही दोन्ही बाजूंच्या बांधांनी गिळल्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या १४३ व्या कलमाप्रमाणे शेताला बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. वाट अडवली असेल तर ती मोकळी करण्याची तरतूद १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यात आहे. कायदा आहे, पण शेजाऱ्याला कचेरीत खेचण्याआधी त्याच्या ओट्यावर बसून बोलणे स्वस्त पडते. बर्गंडीच्या शेतकऱ्यालाही कळले ते एवढेच की आपल्या तुकड्याची किंमत शेजाऱ्याने सोडलेल्या वाटेवर ठरते.

गुरुजींनो, बाईंनो, तुमच्या हातून येथे मोठे काम होण्यासारखे आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना घेऊन गावच्या वाटांचा एक नकाशा काढा. कोणती पाणंद शाळेपर्यंत येते, कोठे ओढा आडवा येतो, कोठे बांध सरकला आहे, कोणत्या वाटेवर सावली आहे, हे मुलेच सांगतील. त्यांना सारे ठाऊक असते. तो नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावा. आणि दुसरे, बोनसारखी एक वही घाला. पहिला पाऊस कधी, गोडी छाटणी कधी, पहिला घड कधी उतरला, आंब्याला मोहोर कधी आला. दर वर्षी एक पान. त्या वहीचा उपयोग कदाचित तुमच्या विद्यार्थ्यांच्या नातवंडांना होईल. बोनच्या दप्तरात तारखा लिहिणाऱ्यांनाही त्या कुणाच्या उपयोगी पडतील हे माहीत नव्हते.

शेतकरी बंधूंनो, तुम्ही एवढे करा. येत्या उन्हाळ्यात, बाग खरड छाटणीतून मोकळी झाली की, आपल्या शेताला लागून असलेली पाणंद एकदा सायकलवरून पाहून या. जेथे उतरावे लागेल, ती जागा ध्यानात ठेवा. शेजाऱ्याला बरोबर घ्या आणि तेवढी जागा दोघांनी मिळून नीट करा. शाळा जूनमध्ये उघडते.